मदत हवी आहे: वर्षानुवर्षांनी परतलेल्या अमेरिकन बँडचे अल्बम सुचवा

मंडळी, सध्या ‘हम’ (Hum) या बँडचा ‘इनलेट’ हा अल्बम डोक्यातून जात नाहीये. इलिनॉयमधल्या शँपेनचा हा बँड. १९९८ नंतर थेट २०२० मध्ये अल्बम, तोही आधी गाजावाजा न करता! गिटारचा आवाज तसाच जाडजूड, पण गाणी लांब, संथ, सात-आठ मिनिटं सहज चालणारी. मला तर तो त्यांच्या नव्वदीतल्या कामापेक्षाही सरस वाटतो. शेजारच्याच अर्बानातला ‘अमेरिकन फुटबॉल’ हा बँड १९९९ नंतर २०१६ ला नवा अल्बम घेऊन आला. त्यांचा २०१९ चा तिसरा अल्बमही अप्रतिम आहे.

द ब्रीडर्सचा ‘ऑल नर्व्ह’ (२०१८), डस्टरचा २०१९ चा आणि द जीझस लिझर्डचा ‘रॅक’ (२०२४) ऐकून झालेत.

आता पुढे काय ऐकू? जुनी गाणी वाजवत नुसते दौरे करणारे बँड नकोत. परतल्यावर खरोखर नवं काही म्हणणारे हवेत. संथ, घनदाट गिटारवाले असतील तर फारच उत्तम. अल्बमसोबत सुरुवातीला कुठलं गाणं ऐकावं तेही कृपया सांगा. गेल्या दोन-तीन वर्षांतलं काही असेल तर आधी तेच ऐकेन.