कन्सेप्ट आर्टिस्टच्या पोर्टफोलिओत नेमकं काय ठेवायचं?

रंगरेघ: नमस्कार मंडळी, चार वर्षं डिजिटल पेंटिंग करतोय, हात बऱ्यापैकी बसलाय, आता गेम किंवा सिनेमात कन्सेप्ट आर्टिस्ट (पात्रं, वस्तू, जागा बनवण्याआधी त्या कशा दिसतील ते चित्रात ठरवणारा) म्हणून काम मिळवायचंय. दहा-बारा ठिकाणी पोर्टफोलिओ पाठवला, एकाच ठिकाणाहून उत्तर आलं, "चित्रं छान आहेत पण डिझाइन दिसत नाही". हे वाक्य डोक्यातून जातच नाहीये. एकेका चित्राला मी आठवडा आठवडा दिलाय, मग डिझाइन दिसत नाही म्हणजे काय? आणि सिनेमा नि गेमसाठी वेगवेगळा पोर्टफोलिओ लागतो का?

कच्चं_स्केच: मी गेममध्ये नऊ वर्षं काढलीत म्हणून सांगतो. आपलं चित्र खेळणाऱ्यापर्यंत बहुतेक वेळा पोचतच नाही रे, ते पुढच्या माणसासाठी असतं, म्हणजे थ्रीडी मॉडेल करणाऱ्यासाठी. सुरुवातीला मी एक लाकडी पेटी रंगवली होती, उजेड, गंज, सगळं मन लावून. मॉडेलरने विचारलं, ही उघडते कशी? बघतो तर लोखंडी पट्टी झाकणावरून खाली आणून दोन्हीकडे खिळे ठोकलेले, बिजागरी कुठेच नाही. त्या दिवशी मला डिझाइन म्हणजे काय ते कळलं. तू वीस छोट्या सिल्हूएट, म्हणजे नुसत्या काळ्या बाह्याकृती, दाखव, त्यातल्या तीन का निवडल्या ते लिही, मग समोरून-बाजूने-मागून ड्रॉइंग आणि कुठला भाग कशाचा बनलाय ते. एक गुळगुळीत पेंटिंग कमी असलं तरी चालेल.

सावली७: सिनेमाचं थोडं वेगळं आहे. तिथे प्रॉडक्शन डिझायनरच्या, म्हणजे सिनेमाचं एकूण दृश्यरूप ठरवणाऱ्याच्या, हाताखाली काम असतं, कॅमेरा कुठून बघणार हे बरंचसं ठरवता येतं, त्यामुळे उजेड आणि मूड दाखवणाऱ्या कीफ्रेमना, म्हणजे महत्त्वाच्या क्षणांच्या चित्रांना, किंमत आहे. गेममध्ये खेळणारा कुठूनही फिरतो, कॅमेरा पात्राच्या मागे असेल तर तासन् तास त्याची पाठच दिसते, तेव्हा पाठ नीट डिझाइन कर. पण मूळ विचार एकच. कन्सेप्ट आर्टिस्ट राल्फ मॅकक्वारी आधी बोइंग या विमान कंपनीत तांत्रिक चित्रं काढायचे, 1975 मध्ये 'स्टार वॉर्स'वर आले. त्यातल्या खलनायकाला, डार्थ व्हेडरला, एका यानातून दुसऱ्यात पोकळीतून जायचंय, मग तो श्वास कसा घेणार, म्हणून त्यांनी मास्क सुचवला. सगळ्या जगाला माहीत असलेला तो चेहरा एका साध्या प्रश्नातून आलाय, मला हे फार भारी वाटतं.

दुपारचा_चहा: ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकून घे, फुकट आहे, थ्रीडीत ठोकळे मांडून त्यावर पेंट करणं म्हणजे चीटिंग नाही, रोजच्या कामात सर्रास चालतं. आणि स्वतःचा एक प्रोजेक्ट कायम चालू ठेव, कारण कंपनीचं काम गेम बाहेर येईपर्यंत दाखवता येत नाही, आणि मधेच प्रोजेक्ट बंद पडला तर कदाचित कधीच नाही. माझी दोन वर्षं अशीच कुलपात आहेत. कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा दाखवायला हातात काही नव्हतं, फार वाईट दिवस होते ते.

रंगरेघ: सगळ्यांचे मनापासून आभार. पेटीचं वाचून माझं सगळ्यात आवडतं उडत्या जहाजाचं चित्र उघडलं, त्यात माणसांनी वर चढायचं कुठून याचा मी विचारच केला नव्हता. आता शिडी कुठे बसेल ते काढतोय, मागच्या बाजूसकट इथे टाकतो, बघाल ना?