मदत हवी: कंबर दुखते, घरी वजनाच्या व्यायामासाठी काय घ्यावे? (चिऱ्याचे म्हणजे जांभ्या दगडाचे घर, दमट हवा)

फोंड्याचा_नवखा
वय ४४, वजन ७८ किलो. एमआरआयमध्ये कमरेच्या एल४-एल५ मणक्यांमधली चकती थोडी फुगलेली. पायात कळ वा मुंग्या नाहीत. डॉक्टरांनी हलक्या वजनांना हो म्हटले आहे. जुन्या चिऱ्याच्या घरातली १० बाय ८ फुटांची खोली, खाली लादी, बजेट १५ हजार. मल्टीजिम (एकाच सांगाड्यातले अनेक व्यायामांचे मशीन), दारातला पुल-अप बार की डंबेल? मल्टीजिममध्ये पाठ टेकायला मिळते म्हणून तिकडे कल आहे.

ताठ_कणा
पाठ टेकायला मिळते हाच तिचा तोटा. कमरेभोवतीच्या स्नायूंना पेलायला शिकवायचे आहे आणि मशीन ते काम त्यांच्याकडून काढून घेते. शिवाय घरगुती मशीनच्या वजनाची पायरी बहुधा ५ किलोची असते. दुखऱ्या कमरेला ती फार उंच.

डंबेलच घ्या, पण सुट्या प्लेटचे. दोन लहान रॉड, १.२५ किलोच्या ४ प्लेट आणि २.५ किलोच्या ८. म्हणजे प्रत्येक हातात रॉड सोडून २.५, ५, ७.५, १०, १२.५ अशी चढण मिळते. सेटमध्ये १.२५च्या प्लेट नसतील तर त्या वेगळ्या मागा, दुकानदार आपणहून देत नाही. प्लेट लोखंडाच्या घ्या. प्लास्टिकच्या खोळीत सिमेंट भरलेल्या स्वस्त पडतात, पण त्याच वजनाला जाड होतात, डंबेल अंगापासून लांब राहतो आणि एकदा आपटला की खोळ तडकून भुकटी गळते.

लांब राहण्याचा मुद्दा बारीक वाटेल, पण सगळे गणित तिथेच आहे. १० किलो कमरेपासून २० सेंमीवर धरले आणि ५० सेंमीवर धरले, तर दुसऱ्या वेळी त्या वजनाचा कण्याला पुढे वाकवणारा जोर अडीचपट असतो. म्हणून डंबेलच्या आधी एक मजबूत लाकडी स्टूल घ्या, ४५ सेंमी उंचीचे. वजने जमिनीवर कधीच ठेवायची नाहीत. कंबर फक्त व्यायाम करतानाच नव्हे, सेट संपल्यावर डंबेल वाकून खाली ठेवतानाही धरते.

उरलेल्या पैशांत पाठ तिरकी होणारा बेंच. ३० ते ४५ अंशांवर लावून छाती टेकवायची आणि डंबेल वर ओढायचे, म्हणजे पाठीचे स्नायू काम करतात आणि कंबर सुटी राहते. बेंचवर लिहिलेली क्षमता म्हणजे तुमचे आणि वजनांचे मिळून. तुमचे ७८ आणि प्लेटचे २५, रॉड वेगळे. १२०च्या खालचा बेंच नको.

चिरेबंदी
पुल-अप बारबद्दल. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ. फुगणारा अँकर बोल्ट आवळला की आतला दगड भुगा होतो. पहिल्या दिवशी घट्ट वाटते, लटकून हिसके बसले की भोक मोठे होत जाते. बार लावायचाच तर आरसीसीच्या बीममध्ये. जुन्या घरात बीम नसेल तर विषय सोडा.

त्याऐवजी रबरी बँड. दाराच्या फटीत अडकवणार असाल तर बिजागरीच्या बाजूला, आणि अशा अंगाने उभे राहा की ओढल्यावर दार चौकटीत बसेल. पावसात लाकूड फुगून दार नीट लागत नाही, तेव्हा पट्टा निसटून थेट तोंडावर येतो. खिडकीच्या गजाला बांधणार असाल तर गजाला आधी जुने कापड गुंडाळा, गंज रबर कापतो.

फोंड्याचा_नवखा
मल्टीजिम बाद. गंजाचे काय? आणि केटलबेल (वर कडी असलेला लोखंडी गोळा) १२ किलोचा घेऊ की १६?

ताठ_कणा
८चा, आणि तोही तीन महिन्यांनी. झोके तर लांबच. तो घेऊन आधी एका हातात धरून खोलीत ताठ चालायचे, मग हात बदलायचा. धड कलू न देण्यासाठी कमरेच्या बाजूचे स्नायू लागतात.

तोवर वजनांच्या जोडीला कण्याचे अभ्यासक, कॅनडातले निवृत्त प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांचे तीन व्यायाम करा: अर्धवट कर्ल-अप, कुशीवरचा प्लँक आणि रांगत्या स्थितीत विरुद्ध हात-पाय लांबवणे. एका वेळी जास्तीत जास्त १० सेकंद धरायचे, आवर्तने ६, ४, २ अशी उतरती. मात्र उठल्याबरोबर नको. रात्री चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, निदान तासभर वाकणे टाळा.

चिरेबंदी
गंज: रॉड कोरड्या कापडाने पुसून आट्यांना शिलाई मशीनचे तेल. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरते. प्लेट लादीवर न ठेवता फळीवर. पावसाळ्यात लादीला पाणी सुटते, म्हणून पायाखाली ८-१० मिमीची रबरी मॅट. योगाची मऊ मॅट वजन घेऊन उभे राहायला कामाची नाही, पाऊल डगमगते.

डिचोलीकर_ताई
एक राहिले. व्यायामात थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर आले तर चालेल. कळ नितंबातून पोटरीकडे उतरू लागली तर ते वजन आणि तो व्यायाम बंद. आणि पाऊल उचलेना, जांघेत बधिरता आली किंवा लघवी अडली तर धाग्यावर विचारत बसू नका, तडक बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात).

फोंड्याचा_नवखा
देव बरें करूं सगळ्यांना. शनिवारी दुकानात जातो. रॉड पाहताना काय बघू?

चिरेबंदी
घरची मोजपट्टी न्या. ऑलिंपिक प्लेटचे भोक ५० मिमी, घरगुती रॉड साधारण त्याच्या निम्मा, दोन्ही एकत्र चालत नाहीत. मग नट काढून आत रबराची चकती आहे का बघा. ती नसली की डंबेल हातात फिरताना नट आपोआप सैल होतो आणि प्लेट पायावर येते. दोन जास्तीच्या चकत्या मागून घ्या.