१९३० ची फोर्ड मॉडेल ए, ५५ च्या पुढे स्टेअरिंग थरथरतं, बॅलन्सिंग कसं करू?

केळीबाग_रावेर:
राम राम मंडळी. आजोबांची १९३० ची मॉडेल ए बारा वर्षं खळ्यातल्या शेडमध्ये झाकून होती, या दिवाळीला चालू केली. ताशी ४० किमीपर्यंत मस्त चालते पण सावदा रोडला ५५ च्या पुढे गेली की स्टेअरिंग असं थरथरतं की मनगटं दुखून येतात, पुढचे दिवेसुद्धा हलताना दिसतात. टायर नवे टाकलेत, ४.७५-१९. बॅलन्सिंगवाल्याकडे पुढचं चाक नेलं तर मशीनचा कोन मधल्या भोकात बसेचना, मधलं भोक खूप मोठं आहे. तो म्हणे एवढ्या जुन्या गाडीला बॅलन्सिंग नसतंच. खरंय का हे? आजोबांची गाडी आहे, काही चुकीचं करायचं नाही मला.

तापीकाठ_भुसावळ:
अर्धंच खरं आहे भाऊ. फोर्डची आधीची मॉडेल टी (१९०८ ते १९२७) लाकडी आऱ्यांची, टायर अरुंद आणि हवा ५५-६० पौंड, आणि तेव्हाचे रस्ते बघता गाडी चालायची किती तर ३०-४० ने, त्या स्पीडला चाक थोडं जड-हलकं असलं तरी कळत नाही. पुढे १९२० च्या दशकात जाड, कमी हवेचे बलून टायर आले, पुढच्या चाकांना ब्रेक आले, स्पीड वाढला आणि तेव्हापासून ही थरथर लोकांना जाणवायला लागली. हिशोब करून बघ, तुझ्या चाकाच्या रिमवर एका बाजूला ८० ग्रॅम जास्त असेल तर ३० च्या स्पीडला ते साधारण १ किलोने ओढतं, ६० ला चौपट, म्हणजे ४ किलोच्या वर, आणि ते सेकंदाला सात वेळा. म्हणून ४० पर्यंत तुला काही कळत नाही.

मिस्त्री_अमळनेर:
मशीन सोडा, गाडीचा हबच (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) मशीन आहे. पुढून जॅक लावा, मागच्या चाकांना दगड लावा, हबमधलं जुनं ग्रीस रॉकेलने धुवून काढा आणि बेरिंगला पातळ तेल द्या, ब्रेक पूर्ण सैल करा नाहीतर चाक मोकळं फिरणारच नाही. मग चाक लावून हलकेच ढकला, आपोआप थांबू द्या. तीन-चार वेळा तीच बाजू खाली आली तर ती जड. बरोबर समोर, वरच्या बाजूला खडूने खूण करा आणि तिथं शिसं लावत जा, कुठेही सोडलं तरी चाक तिथंच उभं राहिलं की झालं. आजची क्लिपवाली वजनं या रिमच्या गोल कडेवर धरत नाहीत, मी तापीवरचे कोळी जाळ्याला लावतात ते शिसं ठोकून चपटं करतो आणि आऱ्याला रिमजवळ घट्ट गुंडाळतो.

पण त्याआधी रिमजवळ खिळा धरून चाक फिरवा, रिम डुलतेय का बघा. या चाकाचे आरे वेल्डिंगचे असतात, सायकलसारखे निप्पल पिळून सरळ होत नाहीत, वाकडी रिम असेल तर शिसं लावून काहीही होणार नाही. शेवटी ग्रीस भरून नट परत सेट करा आणि नट सुटू नये म्हणून लावतात ती स्प्लिट पिन विसरू नका, ती विसरली तर चाक निघून जाईल.

धुळे_जुन्यागाड्या:
किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) आणि टायरॉड (पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा) यांचा ढिलेपणा पण बघ, या गाडीला टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूने किंचित आत झुकलेली, १/१६ इंच लागतो. बाकी मिस्त्रींनी सांगितलं ते बठ्ठं बरोबर शे. माझ्या ओळखीत एक लाकडी चाकाची गाडी आहे, उन्हाळ्यात लाकूड सुकलं की आरे कुईकुई वाजतात, आपल्याकडे बैलगाडीची चाकं पाण्यात घालून फुगवतात तसं तिला करायचा मोह होतो, पण नको, लाकूड कुजतं. ढिली झालेली चाकं नवीनच बांधून घ्यावी लागतात.

केळीबाग_रावेर:
मिस्त्री काका, रविवारी केलं. डावं चाक दरवेळी व्हॉल्व्ह खाली येऊनच थांबायचं, समोर ८५ ग्रॅम शिसं लागलं. उजव्याला २० मध्ये काम झालं. रिम खिळ्याला जेमतेम सुताएवढी लागते. काल सावद्यापर्यंत ६० ने नेली, एका हाताने स्टेअरिंग धरता येतं. मागे आई बसलेली होती, तिने विचारलं रस्ता नवा केला का. टायरॉडचं एक टोक ढिलं निघालं, ते पुढच्या आठवड्यात बघतो.