मदत हवी आहे: अण्णांचा खिशातला रेडिओ (बॅटरी, चार्जिंग, बटणं)

नमस्कार मंडळी,

सांगली आकाशवाणीशिवाय अण्णांचं सकाळी पान हलत नाही. वय 79. तीन वर्षांपूर्वी त्यांना खिशात मावणारा छोटा एफएम रेडिओ घेऊन दिला. मेमरी कार्ड लागतं, त्यावर कीर्तनं भरून दिलीत. डब्यावर कंपनीचं नावही धड नव्हतं, त्यामुळे सर्व्हिस सेंटरचा प्रश्नच नाही. मीच उघडलाय.

आतली बीएल-5सी बॅटरी (जुन्या नोकियात असायची तीच, 1020 एमएएच) फुगली होती. झाकण बसेना तेव्हा कळलं. नवी टाकली, तरी नुसता ठेवलेला रेडिओ पाचेक दिवसांत मान टाकतो. मल्टिमीटर लावला तर बंद असतानाही 8 मिलिअँपिअर ओढतोय. म्हणजे बटण दाबून धरलं की फक्त डिस्प्ले झोपतो, सर्किट जागंच. बॅटरीच्या वायरमध्ये बारीक स्लाइड स्विच टाकावा म्हणतोय. स्टेशनं पुसली जातील का?

दुसरं, पोर्ट टाइप-सी आहे, पण दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल लावली की ढिम्म. जुन्या चपट्या यूएसबीच्या केबलवर मात्र चार्ज होतो.

आणि बटणं. पाचही सारखी, गुळगुळीत, एका ओळीत. अण्णा आवाज वाढवायला जातात आणि स्टेशन बदलतं, की चिडचिड सुरू. ओळखू यावं म्हणून आवाजाच्या बटणावर फेव्हिक्विकने बाजरीचा दाणा चिकटवला. बोट बरोबर दाण्यावर जातं, तरी दहातून तीनदा स्टेशनच बदलतं. मोठी बटणं बसवता येतील का? सोल्डरिंग जमतं, पण हात सराईत नाही.

प्रतिसाद 1

पोर्ट ठीक आहे. टाइप-सीमध्ये सीसी1 आणि सीसी2 अशा दोन पिना असतात. त्या प्रत्येकीपासून ग्राउंडला (ऋण बाजूला) 5.1 किलोओहमचा रेझिस्टर (रोध देणारा बारीक भाग) लागतो, तो दिसला तरच समोरचा चार्जर वीज सोडतो. स्वस्त मालात हे दोन रेझिस्टर गाळतात. चपट्या यूएसबीच्या केबलला त्यांची गरज पडत नाही, म्हणून तिच्यावर चार्ज होतो. पिना फार बारीक असतात, हात सराईत नसेल तर नादी लागू नका. जुनी केबल रेडिओलाच बांधून ठेवा.

स्विच टाकण्याआधी बॅटरी काढून अर्धा तास ठेवा. स्टेशनं शाबूत राहिली तर खुशाल टाका. फक्त स्विच बंद ठेवून चार्जिंगला लावलं तर बॅटरीपर्यंत काही पोचणार नाही, हे अण्णांना सांगून ठेवा.

प्रतिसाद 2

बटणांच्या मागे वेगवेगळ्या ओहमचे रेझिस्टर आहेत का बघा. अशा रेडिओत बहुधा सगळी बटणं एकाच वायरवर असतात. कुठलं दाबलं हे चिप व्होल्टेजवरून ओळखते. बटणाखालचा स्विच झिजला, आत घाम-धूळ गेली की त्याचा स्वतःचा रोध मध्ये येतो, व्होल्टेज सरकतं आणि चिपला शेजारचं बटण वाटतं. दाबलेल्या स्विचचा रोध मोजा. शून्याच्या आसपास हवा.

पाचही बदला, 6 बाय 6 मिलिमीटरचे टॅक्ट स्विच (बटणाखालचे दाबायचे बारीक स्विच) रुपया-दोन रुपयाला मिळतात. दांडीची उंची मोजून न्या. उंच घेतलात तर झाकण लावल्यावर बटण कायमचं दाबलेलं राहील. म्हणूनच मोठ्या बटणांच्या फंदात पडू नका, दाणाच बरा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. आवाजाचा स्विच मोजला. एकदा 40 ओहम, एकदा 900, एकदा थेट 3 किलोओहम! बाकीचे चार दोन ओहमच्या आत. शनिवारी पुण्याला जातोय, पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, स्विच घेतो. बॅटरी काढून ठेवली होती, स्टेशनं जागेवर आहेत, तेव्हा स्लाइड स्विचही आणतो.

दोन महिने मी अण्णांना "नीट बघून दाबा" म्हणून बोलत होतो. आकडे दाखवले तर म्हणाले, "मी काय सांगत होतो?" दाणा मात्र काढू नको म्हणालेत.