बाटलीतला नमुना न्यायालयात का टिकत नाही

नदीत रात्री सोडलेल्या रासायनिक सांडपाण्याचे नमुने गावकऱ्यांनीच भरून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावेत, अशी सूचना केली जाते, आणि ती तक्रारीला बळ देणारी आहे. खटल्यात मात्र तो नमुना पुरावा म्हणून टिकणे फार अवघड आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ नुसार, मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखानदाराला जागेवरच नोटीस देऊन, त्याच्या किंवा प्रतिनिधीच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करून, दोन्ही बाटल्या मोहोरबंद करून त्यांवर उभयतांच्या सह्या घ्याव्या लागतात, आणि हे न झाल्यास त्या सांडपाण्याचा पृथक्करण (रासायनिक तपासणी) अहवाल पुराव्यात ग्राह्य धरला जात नाही. म्हणून पाण्याचा रंग बदललेला दिसताच वेळ, ठिकाण आणि छायाचित्रासह लेखी तक्रार देऊन अधिकाऱ्यालाच तिथे बोलावणे अधिक उपयोगाचे ठरेल.