मदत हवी आहे: येऊ घातलेल्या महाकाय रोबोंच्या गेम्सपैकी कोणत्या ऑफलाइन चालतील?

मंडळी, मी एरंडोलचा. 'आर्मर्ड कोअर ६' (२०२३) पूर्ण झाली, तिचे तिन्ही शेवट पाहिले. हात, पाय, जनरेटर बदलत आपला रोबो जुळवायचा आणि मग त्याच बॉसला (टप्प्याच्या शेवटच्या बलाढ्य शत्रूला) वेगळ्या बांधणीने भिडायचं, यातली मजा मला दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये मिळाली नाही. 'टायटनफॉल २' ची कथाही खेळून झाली. सुंदर, पण फार छोटी. 'मेका ब्रेक' फुकट आहे म्हणून घेतली, पण ती ऑनलाइनच चालते आणि आमच्याकडे संध्याकाळी नेट टिकत नाही.

लॅपटॉपला जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, सोबत कंट्रोलर. कन्सोल घ्यायचा नाही, मोबाइल गेम्स नकोत. मोठं डाउनलोड जळगावला मित्राकडे करून आणता येतं, त्यामुळे साइजची काळजी नाही. संथ चालीचे जड रोबोही चालतील, पण सुटे भाग जोडायची सोय हवीच.

अजून न आलेल्या, पण पीसीवर येणार हे जाहीर झालेल्या अशा कोणत्या गेम्सची वाट पाहावी? आणि कुणी डेमो किंवा बीटा (चाचणीची आवृत्ती) खेळलं असेल तर सांगा: एकदा उतरवल्यावर ती नेटशिवाय सुरू होते का, आणि १६५० वर कशी चालते?