तामागोयाकी: डब्यातलं की सुशीवाल्याचं?

धागाकर्ता: जपानी गुंडाळलेल्या आमलेटचा विषय निघाला की लोक लगेच सुशी शेफ आणि वर्षानुवर्षांची साधना वगैरे सुरू करतात, मला हे अजिबात पटत नाही. तामागोयाकी आधी घरातला, डब्यातला पदार्थ आहे. सकाळच्या घाईत दोन-तीन अंडी फेटायची, साखर आणि जरासा सोया सॉस घालायचा, चौकोनी पॅनवर पातळ थर ओतायचा, वरून ओलसर असतानाच गुंडाळून कडेला सारायचा, तेलाचा बोळा फिरवायचा आणि पुढचा थर त्या गुंडाळीच्या खाली शिरेल असा ओतायचा. झालं! साखरेमुळे गार झालं तरी मऊ राहतं, म्हणून तर ते बेन्तोत म्हणजे जपानी डब्यात जातं. १९६० च्या दशकात तिकडे ‘क्योजिन, ताइहो, तामागोयाकी’ म्हणायचे, म्हणजे जायंट्सची बेसबॉल टीम, सुमो पैलवान ताइहो आणि हे आमलेट, पोरांच्या लाडक्या तीन गोष्टी. सुशीचं नाव आहे का त्यात?

रस्सावाटी: डब्याचं मान्य, पण म्हणून त्यातली कारागिरी मोडीत काढू नका. क्योतोचं दाशिमाकी बघा, म्हणजे दाशी घालून केलेलं गुंडाळलेलं आमलेट. दाशी म्हणजे कोंबू (समुद्री शेवाळ) आणि कात्सुओबुशी (सुकवलेला मासा) यांचा स्टॉक, तो त्यात एवढा घालतात की गुंडाळताना हात जरा चुकला तरी फाटतं. तिथल्या निशिकी मार्केटमधलं मिकी केइरान हे दुकान १९२८ पासून हेच करतंय. कापल्यावर आतून रस सुटतो, तो सकाळच्या घाईतल्या आमलेटमधून नाही सुटत.

निशिकासाईकर: टोकियोत राहते म्हणून सांगते, इथे घरोघरी दाशीची पावडर असते, त्यामुळे दाशीचं आमलेट काही फक्त दुकानातलं नाही. साधारण इकडे कांतोत म्हणजे टोकियोच्या भागात गोड आणि कानसाईत म्हणजे क्योतो-ओसाकाच्या भागात बिनसाखरेचं, पण खरं तर ज्याच्या त्याच्या आईच्या हातचं. लेकीच्या मैत्रिणीच्या डब्यात एक तुकडा तिरका कापून त्यातला अर्धा उलटा फिरवून जोडलेला असतो, त्याचा पत्त्यातल्यासारखा बदाम होतो. पोरगी तो शेवटी खाते. कंपनीतला गडी कन्व्हिनियन्स स्टोअरचं तयार पाकीट घेतो तेही तामागोयाकीच.

जुनापान: धागाकर्ते, एक विसरताय. एदो काळात (१६०३ ते १८६८) अंडं महाग होतं, गरिबाला रोज कुठलं परवडायला! दुसऱ्या महायुद्धानंतर अंडी स्वस्त झाली तेव्हा कुठे ते सगळ्यांच्या डब्यात आलं. त्यामुळे ‘आधी घरातलं’ हे चूक. आणि सुशीवाले कोळंबी किंवा पांढऱ्या माशाची पेस्ट घालून जाड, केकसारखं करतात त्याचीही वेगळी परंपरा आहे, ती तुम्ही एका वाक्यात उडवली.

धागाकर्ता: इतिहासाचं बरोबर आहे, ‘आधी’ शब्द मागे घेतो. पण आज जपानी माणूस वर्षाला तीनशेच्या वर अंडी खातो, जगात त्यांचा नंबर फार वरचा आहे, ती काय सुशीच्या काउंटरवर बसून खातो का? पेस्टवालं जाड आमलेट घरी सहसा कोणी करत नाही. आपल्या लोकांनी मात्र तेच बघून ‘आपल्याला जमणार नाही’ म्हणून सोडून दिलं. चौकोनी पॅन नसेल तर साध्या नॉनस्टिकवर करा, कडा दुमडून घ्या.

रस्सावाटी: करा की, कोण नको म्हणतंय. फक्त त्याला दाशिमाकी म्हणू नका, आणि साखर तर अजिबात नको.